अचूक उत्तरे पाठवणारे

वीरेंद्रनी भिंग बाजूला ठेवलं आणि सात शब्द वहीत पुन्हा एकाखाली एक लिहिले. आजोबा. टाळू. पंचमी. साप. पदर. कपाळ. पाला. मग प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराभोवती गोल केला आणि गोल वरून खाली वाचले.

बाळू, मी परळला.

ठाकूरद्वारच्या त्या जुन्या वाचनालयात दुपारची तीन-चार माणसं होती आणि त्यातली दोन डुलक्या घेत होती. वीरेंद्रनी उगाच मागे वळून पाहिलं. मग समोरचा बांधीव खंड स्वतःकडे ओढला. एका केव्हाच्या बंद पडलेल्या साप्ताहिकाचं हे १९४६ साल होतं. शब्दकोड्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं : ‘रचना – सौ. जाई को. कासारे, परळ.’

बाळू म्हणजे वीरेंद्रचे वडील, भालचंद्र त्रिलोकेकर. त्यांना या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, त्यांची थोरली बहीण सुमती. ती चौदा एप्रिल १९४४ला गोदीतल्या स्फोटात गेली, असं घरात सगळे सांगत आले होते. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. प्रेत मिळालं नाही, पण त्या दिवशी कितीतरी लोकांची मिळाली नव्हती.

वीरेंद्र आता एकाहत्तर वर्षांचे होते. विमा कंपनीत असताना आगीच्या दाव्यांची पडताळणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. जळलेल्या गोदामात उभं राहून आग कुठून सुरू झाली ते शोधायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर हाच नाद जुन्या गोष्टींकडे वळला. जुन्या फोटोतली अनोळखी माणसं, नावं बदललेल्या गल्ल्या, कुणी कोरला ते माहीत नसलेला शिलालेख. असलं काही हाती लागलं की ते जेवणखाण विसरत. पण आत्याचा प्रश्न त्यांच्या घरातलाच होता आणि तो कधी सुटला नव्हता. सरळमार्गी घरातली मुलगी भरदुपारी गोदीकडे कशाला गेली होती?

महिन्यापूर्वी इमारत पुनर्विकासाला द्यायची म्हणून माळा रिकामा करताना त्यांना सुमतीची वही सापडली. वहीत तिनं स्वतः रचलेली शब्दकोडी होती. आडव्या शब्दांची शेवटची अक्षरं जुळवली की धाकट्या भावाला मारलेला टोमणा निघायचा. ‘बाळू लबाड.’ तेव्हा वीरेंद्रना आठवलं, की वडील दर रविवारी एका ठरावीक साप्ताहिकातलं कोडं सोडवायचे. कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत, मदतही मागायचे नाहीत. साप्ताहिक १९७१ साली बंद पडलं आणि त्यांनी पुन्हा कधी कोड्याला हात लावला नाही. म्हणून वीरेंद्र इथे येऊन जुने खंड चाळत बसले होते.

ते घरी परतले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला होता की बायकोनं, सुनंदाबाईंनी, दार उघडताच विचारलं, काय झालं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आत्या मेलीच नव्हती. निदान दोन वर्षांनंतर तरी जिवंत होती आणि परळला राहत होती.

सुनंदाबाई वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होत्या. त्यांनी आडनाव विचारलं. वीरेंद्रनी सांगितलं. हातातली बशी गुंडाळून झाल्यावर सुनंदाबाईंनी ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

रात्री जेवताना मुलगा विहंगनं मात्र सरळ विचारलं, तिला मुलं होती का? वीरेंद्र म्हणाले, तेच तर शोधायचंय.

“शोधू नका, बाबा,” विहंग म्हणाला. “निदान शुक्रवारपर्यंत तरी नको.”

शुक्रवारी दादरला विकासकाच्या वकिलाकडे जायचं होतं. इमारत वीरेंद्रच्या आजोबांच्या नावावर होती. ते १९६१ साली मृत्युपत्र न करता गेले. त्यानंतर भालचंद्ररावांनी आपण एकटेच वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, त्यावर सगळं चाललं होतं. आता तीच वंशावळ वीरेंद्रनी नव्यानं शपथेवर सांगायची होती. आत्या १९४४ला अविवाहित वारली असेल, तर सही करून मोकळं व्हायचं. ती जगली असेल, तर अर्धा हिस्सा तिचा होता.

वीरेंद्रच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी पुढ्यातलं ताट संपवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परळला गेले.

कासारे ज्या चाळीत राहायचे ती विचारत विचारत सापडली. तिथे कुशाबा नावाचे एक म्हातारे दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. वीरेंद्रनी जाईबाई कासारे असं नाव घेताच ते म्हणाले, “कोडीवाली जाईबाई? तिला जाऊन झाली की पंचवीसेक वर्षं.” पोरांना दुपारी घरात डांबून ठेवायला ती कोडी घालायची, त्यांनीही सोडवली होती. तिचा नवरा कोंडीराम गिरगावात छापखान्यात खिळे जुळवायचा. नात संघमित्रा आता अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहते आणि इथल्याच एका इस्पितळात रक्तपेढीत काम करते. कुशाबांनी नंबर दिला आणि मग विचारलं, “तुम्ही तिचे कोण?”

वीरेंद्र म्हणाले, “मी चौकशी करतोय.” जिना उतरताना त्यांना आपलंच उत्तर खटकलं.

फोनवर संघमित्रानं फक्त नाव ऐकलं आणि बुधवारी संध्याकाळी पाचला या म्हणाली.

तिनं दार उघडलं तेव्हा ती नुकतीच कामावरून आलेली दिसत होती. पंचेचाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेला. तिनं त्यांना बसायला सांगितलं, स्वतः उभीच राहिली आणि त्यांच्या पिशवीकडे बघून हात पुढे केला.

“कागद द्या.”

“कसला कागद?”

“हक्क सोडल्याचा. सही पाहिजे ना?”

वीरेंद्र गोंधळले. तिनं टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यातून एक पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. विकासकाच्या वकिलानं छापलेली जाहीर सूचना होती. ठाकूरद्वार येथील त्रिलोकेकर यांच्या मिळकतीवर कुणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत पुराव्यानिशी कळवावं. ती म्हणाली, ही सूचना आली आणि त्याच आठवड्यात तुमचा फोन. मी काय समजायचं?

वीरेंद्रनी पिशवीतून सुमतीची वही काढली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. संघमित्रानं चष्मा डोळ्यांवर घेतला. पहिलं पान उघडून ती बराच वेळ अक्षर पाहत राहिली, मग खुर्ची ओढून बसली.

“आजी ‘ळ’ असाच काढायची,” ती म्हणाली. “दोन पोटं आणि मध्ये गाठ.”

त्यानंतर ती थोडी मोकळी झाली. वीरेंद्रना जे जोडता आलं नव्हतं ते तिनं साध्या शब्दांत सांगितलं. सुमती आपली कोडी छापून आणायला छापखान्यात जायची, तिथे कोंडीरामची ओळख झाली. दोघांनी दिवस ठरवला तो चौदा एप्रिल, कारण जयंतीमुळे परळमध्ये गर्दी असणार आणि कुणी कुणाला विचारणार नाही. सुमती दुपारी बाराला घरातून निघाली. चार वाजता ती सासूच्या पुढ्यात पाटावर बसली होती, तेव्हा खिडक्या हादरल्या. पुढे चार दिवसांनी कोंडीरामनं पेपर आणला. त्यात तिच्या नावाची बातमी होती.

“तिनं कळवलं नाही घरी?”

“आजोबा म्हणाले, कळव. ती म्हणाली, मुलगी मेली म्हणून ते रडतील. मुलगी कुठे गेली हे कळलं तर रडणारही नाहीत.” संघमित्रानं त्यांच्याकडे पाहिलं. “तुमच्याकडे चौदा एप्रिलला ती मेली. आमच्याकडे त्या दिवशी ती घरात आली. आम्ही दरवर्षी जयंतीला तिला नवं लुगडं घ्यायचो.”

वीरेंद्रना आपल्या घरातली ती तारीख आठवली. गोड नाही, रेडिओ नाही, आणि वडील दिवसभर खिडकीत.

संघमित्रा आतून एक फाईल घेऊन आली. वीरेंद्रना वाटलं, यात कोड्यांची कात्रणं असतील. पण कोडं क्वचितच होतं. आजीनं आपली कोडी जपली नव्हती, तिनं जपली होती पुढच्या आठवड्याची पानं. प्रत्येक कात्रणावर एकच मथळा होता, ‘अचूक उत्तरे पाठवणारे’, आणि त्याखाली वाचकांच्या नावांची दाट यादी. प्रत्येक यादीत एका नावाखाली पेन्सिलीची रेघ होती. भा. मो. त्रिलोकेकर, ठाकूरद्वार.

वीरेंद्र पानामागून पान उलटत गेले. शेहेचाळीस. अठ्ठेचाळीस. त्रेपन्न. छप्पन्न. हा आनंद त्यांच्या ओळखीचा होता. सगळे धागे एकदम जुळले की दरवेळी असंच व्हायचं.

“म्हणजे बाबांना माहीत होतं,” ते म्हणाले. “ती कोड्यातून लिहायची आणि ते उत्तर पाठवून पोच द्यायचे. पंचवीस वर्षं. आणि कुणाला पत्ता नाही.”

“भारी वाटतंय ना तुम्हाला?” संघमित्रानं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता, पण वीरेंद्रनी कात्रणं खाली ठेवली.

तिनं फाईलच्या मागच्या कप्प्यातून एक पान काढलं. हे मात्र कोडं होतं, कोरं, सप्टेंबर १९६१चं. ती म्हणाली, हे सोडवा. वीरेंद्रनी खिशातली पेन्सिल काढली. सहा आडवे शब्द होते, अवघड नव्हते. जेवण न्यायचं भांडं, डबा. प्रेमळ, मायाळू. पेपरात येते ती, बातमी. पगारात मिळतात ते, रुपये. कापसासारखं, मऊ. मनात येते ती, शंका.

त्यांनी शेवटची अक्षरं वाचली आणि पेन्सिल तशीच धरून बसून राहिले.

बाळू, मी येऊ का?

“तिचे वडील गेल्याचं तिनं पेपरात वाचलं होतं,” संघमित्रा म्हणाली. “हे त्यानंतरचं कोडं.” मग तिनं पुढच्या आठवड्याची यादी समोर ठेवली. या यादीत कुठेही रेघ नव्हती. वीरेंद्रनी तरीही बोट फिरवत सगळी नावं वाचली. साठेक नावं असतील. त्यात त्यांचे वडील नव्हते. पंधरवड्यानंतरच्या यादीत ते पुन्हा होते आणि मग शेवटपर्यंत होते.

“आजी गेली नाही मग,” ती म्हणाली. “परत कधी विचारलंही नाही.”

यादीची तारीख होती २४ सप्टेंबर. वीरेंद्रनी सोमवारीच वकिलाकडून आलेला कागदांचा गठ्ठा वाचला होता. तारखा त्यांच्या डोक्यात आपोआप राहत. त्या गठ्ठ्यातली एक तारीख त्यांना सांगायलाच हवी होती असं नव्हतं. समोरच्या बाईला ती कळायचा दुसरा काही मार्गही नव्हता. खाली वसाहतीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. ती चालू होईपर्यंत वीरेंद्र थांबले.

“त्याच आठवड्यात बाबांनी कोर्टात लिहून दिलं,” ते म्हणाले. “अठरा सप्टेंबरला. की माझी बहीण अविवाहित वारली आणि मी एकटाच वारस आहे.”

संघमित्रानं ते कोडं फाईलमध्ये परत ठेवलं, फाईलची नाडी बांधली, गाठ नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा बांधली.

“आणि तुम्ही?” तिनं विचारलं. “तुमची तारीख कधी आहे?”

“परवा.”

“मी त्या सूचनेला उत्तर दिलं नाही, कारण पुराव्यानिशी कळवा म्हटलंय. माझ्याकडे काय पुरावा आहे? आजीचा जन्मदाखला नाही. तुमच्या घरातला एक फोटो नाही. नावसुद्धा सासूनं दिलेलं.” तिनं फाईलवर बोट ठेवलं. “ही कात्रणं बघून कुठला साहेब ऐकणार? तुम्ही हो म्हणालात तर ती तुमची. नाही म्हणालात तर ती परळची एक बाई होती, कोडी रचायची.”

त्यांनी जाताना वही तिथेच ठेवली. तिनं ती घेतली, पण आभार मानले नाहीत.

त्यानंतरचे दीड दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. वीरेंद्रनी जे ऐकलं ते सगळं सांगितलं. विहंगनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच समजावलं. अर्धा हिस्सा गेला तर त्याला आणि उर्वीला मिळायची घरं जातील. दोघं भाऊबहीण चाळिशीला आले तरी भाड्याच्या जागेत आहेत, सगळं या करारावर थांबलंय. शिवाय कोडी हा कायद्यात पुरावा नाही. शेवटी तो म्हणाला, तुम्हाला उत्तर हवं होतं, मिळालं. एवढ्यावर थांबा.

उर्वीचा पुण्याहून फोन आला, तीही जवळपास हेच बोलली, फक्त बोलताना तिला रडू आलं.

गुरुवारी रात्री वीरेंद्रनी सुनंदाबाईंना विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. भिंती रिकाम्या झाल्या होत्या, फक्त सुमतीचा फोटो खिळ्यावर होता. त्याला हात लावायचं सगळेच टाळत होते.

“लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी या फोटोला हार घालतेय,” सुनंदाबाई म्हणाल्या. “पंचेचाळीस वर्षं झाली. आणि ती त्यातली बरीच वर्षं इथून टॅक्सीनं अर्ध्या तासावर भाजी निवडत बसली होती.”

याचा अर्थ सही करा असा होता की करू नका असा, हे वीरेंद्रना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

शुक्रवारी सकाळी अकराला ते आणि विहंग दादरला पोचले. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. विकासकाची वकील अक्षदा नावाची तिशीतली बाई होती, चटपटीत आणि नम्र. तिनं चहा मागवला आणि प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. मोरेश्वर त्रिलोकेकर, मृत्यू १९६१. पत्नी त्यापूर्वीच मयत. मुलगा भालचंद्र, मृत्यू १९९४. मुलगी सुमती, मृत्यू चौदा एप्रिल १९४४, अविवाहित, निःसंतान.

“ही ओळ चुकीची आहे,” वीरेंद्र म्हणाले.

अक्षदानं वर पाहिलं. विहंगनं हातातला कप बशीत ठेवला. तिनं विचारलं, तारीख चुकलीय का, आपण दुरुस्त करू.

“तारीखही चुकलीय. तिचं लग्न झालं होतं. मुलं होती, नातवंडं आहेत.”

अक्षदानं पेन टेबलावर ठेवलं. असं असेल तर करार आज होणार नाही, ती म्हणाली, कदाचित वर्षभर होणार नाही. सूचनेला तर कुणाचंही उत्तर आलेलं नाही. काही पुरावा आहे का?

“मी भाचा आहे तिचा. मी शपथेवर सांगतोय, यापेक्षा काय पाहिजे?”

विहंग उठला. त्याची खुर्ची मागच्या कपाटाला लागली. तो काही बोलेल म्हणून वीरेंद्र त्याच्याकडे बघत राहिले, पण तो काचेचं दार ढकलून बाहेर गेला आणि पाठ करून फोनवर बोलायला लागला. बोलता बोलता तो एका हातानं जिन्याचा कठडा घट्ट धरून होता. वीरेंद्रना तो लहानपणी ताप आल्यावर दिसायचा तसा दिसला. त्याच्यामागे जावं असं त्यांना वाटलं. ते जागेवरून उठले नाहीत.

अक्षदानं नवा कागद घेतला. तिनं सुमतीचं लग्नानंतरचं नाव विचारलं, ते त्यांनी सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगितलं. मृत्यूची तारीख विचारली, ती त्यांना माहीत नव्हती. मुलं किती, मुलांची नावं काय, कोण हयात आहे, हे तिनं एकामागून एक विचारलं. वीरेंद्रना एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. बुधवारी दोन तास ते त्या घरात बसले होते आणि यातलं काही त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. संघमित्रानं उचलला तेव्हा मागे इस्पितळातली गडबड ऐकू येत होती.

“मी वकिलांकडे आहे,” ते म्हणाले. “तुझ्या आजीच्या मुलांची नावं हवीत. सगळ्यांची. मी लिहून घेतो.”

पलीकडे एक दार बंद झाल्याचा आवाज आला आणि गडबड थांबली. अक्षदानं पेन आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

संघमित्रा सावकाश सांगायला लागली. आजी गेली अकरा जून अठ्ठ्याण्णवला, सकाळी. थोरले यशवंत, म्हणजे माझे वडील, दोन हजार अकराला गेले. मधली कमलआत्या बदलापूरला असते. धाकटे गौतमकाका, नागपूरला. वीरेंद्र प्रत्येक नाव लिहून परत वाचून दाखवत होते आणि ती हूं म्हणत होती.

“बाबांच्या आधी एक मुलगी होती,” ती म्हणाली. “दीड वर्षाची होऊन गेली. तिला धरायचं का?”

वीरेंद्रनी अक्षदाकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. दीड वर्षाच्या मुलाचा वारशाशी काही संबंध नसतो, कागदावर तिची गरज नव्हती.

“नाव सांग,” वीरेंद्र फोनमध्ये म्हणाले.

“रत्नमाला.”

त्यांनी यशवंतच्या वर जागा करून ते नाव लिहिलं.